मोजल्यावाचून पाणी पुरावयाचे नाही

भूम तालुक्याला पाणी पाहिजे, याविषयी दुमत नाही. ते कोठून आणावयाचे, याविषयीही सभांतून आणि विधिमंडळातून पुष्कळ बोलून झाले आहे. परंतु आज तेथे जे पाणी आहे ते किती, ते कोणाच्या शेतात जाते, कोणत्या महिन्यात संपते आणि कोणाच्या घरी आधी संपते, या साध्या प्रश्नांची गावागणिक उत्तरे वहीत लिहून ठेवणारा मनुष्य शोधू गेल्यास सहजासहजी सापडावयाचा नाही. ही उणीव पैशाची नाही, यंत्रांचीही नाही. ती माणसांची आहे, आणि ती भरून काढणे आपल्या आवाक्यातले आहे.

पाण्याची सुरक्षितता व पाण्याचे धोरण या विषयांत तरुण पदवीधरांना विद्यावेतन देऊन काही काळ संशोधनास लावावे, ही कल्पना आता सर्वत्र मान्यता पावू लागली आहे. तीस ‘इंटर्नशिप’ म्हणतात. आपल्याकडे ‘उमेदवारी’ हा जुना व नेमका शब्द आहेच. अशी पगारी संशोधन-उमेदवारी धाराशिव जिल्ह्यात, आणि तीही जिल्ह्याच्या गावी नव्हे तर भूमसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, सरकारने व विद्यापीठांनी मिळून सुरू करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भूमच का, असे शहरातील वाचक विचारतील. हे गाव बालाघाटाच्या रांगेत वसलेले आहे. या डोंगराच्या एका अंगाचे पाणी बाणगंगा व सीना यांच्या वाटेने भीमेत, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात उतरते; दुसऱ्या अंगाचे मांजरेतून गोदावरीला मिळते. दोन महानद्यांना पाणी देणारा हा प्रदेश स्वतः मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे देशाने पाहिले. 2025 च्या सप्टेंबरात नेमके उलटे घडले. भूम-परांडा भागात अशी अतिवृष्टी झाली, की परांडा तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. ज्या भूमीवर दहा वर्षांच्या आत पाण्याचा दुष्काळ आणि पाण्याचा प्रलय दोन्ही येऊन जातात, तेथे ‘पाणी कमी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. किती, केव्हा आणि कोठे, हे सांगावे लागते.

एक हिशेब वाचकांपुढे ठेवतो. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पात 23.66 अब्ज घनफूट पाणी मराठवाड्यास द्यावयाचे असून त्यातील 7 अब्ज घनफूट पहिल्या टप्प्यात उजनीतून उचलावयाचे आहे. हे 7 अब्ज घनफूट म्हणजे सुमारे 19,800 कोटी लिटर. आता 600 मिलिमीटर पाऊस धरला, तर एका चौरस किलोमीटरवर 60 कोटी लिटर पाणी पडते. म्हणजे 330 चौरस किलोमीटर भूमीवर एका पावसाळ्यात आभाळातून तेवढेच पाणी उतरते. आणि ही भूमी साडेसात हजार चौरस किलोमीटरांच्या या जिल्ह्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी भरते. यातील बहुतेक पाणी उन्हाने उडते, पिके पितात किंवा ओढ्याने वाहून जाते. काळ्या कातळाच्या प्रदेशात जमिनीत मुरणारा भाग साधारणपणे एक दशांशाच्या आसपासच असतो. म्हणून उजनीवरील हक्क सोडून द्यावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो हक्क मिळालाच पाहिजे. परंतु उजनीच्या थेंबाथेंबासाठी भांडणारे आपण आभाळाच्या देण्याचा जमाखर्च मात्र ठेवीत नाही, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.

कायदा झालेला नाही, असेही नाही. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम 2009 सालचा. तो 2014 पासून अमलात आला. साठ मीटरहून खोल विहिरींना त्याने लगाम घातला, पाणलोट क्षेत्रासाठी समित्या सांगितल्या, भूजल वापराचे आराखडे सांगितले. पण शिवारात रात्री कूपनलिका खोदणारी गाडी येते तेव्हा तिची खोली कोण मोजतो? राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा पाहते, आणि ते काम मोलाचे आहे. तथापि निवडक विहिरींवरून तालुक्याचे सर्वसाधारण चित्र कळते. वाडीवरच्या बाईची घागर कधी रिकामी राहते ते कळत नाही.

हे चित्र पुरे करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून 1917 साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राचा अभ्यास केला; तो 1948 साली बाहेर पडला. धरणाचा लाभ केवळ पाणीपट्टीत न मोजता गावाच्या सबंध अर्थव्यवहारात मोजावा, ही दृष्टी त्यातून मिळाली. आपल्या काळात मुंबईच्या आय.आय.टी.ने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावांच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवून दिली. धाराशिव जिल्हा त्या प्रकल्पात होता. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र 1986 पासून आहे. मार्गदर्शक आहेत, पद्धती आहेत. रोज विहिरीपाशी जाऊन दोरी सोडणारे, आणि संध्याकाळी त्या आकड्याचा अर्थ लावणारे तरुण हवेत.

ही उमेदवारी पगारी असावी, यावर आमचा विशेष कटाक्ष आहे. आम्ही वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी शाळेत शिकविले आहे. हुशार मुले कोठे गळतात ते आम्ही जवळून पाहिले आहे. अनुभवासाठी फुकट राबण्याची चैन ज्यांच्या घरी दोन पगार येतात त्यांच्याच मुलांना परवडते. कोरडवाहू शेतकऱ्याची किंवा खव्याच्या भट्टीवर राबणाऱ्याची मुलगी पदवीधर झाली, तरी तिला पहिल्या महिन्यापासून घरी पैसे द्यावे लागतात. बिनपगारी उमेदवारी ठेवली की पाण्याचा अभ्यास ज्यांच्या घरी पाणी कधी तुटले नाही त्यांच्याच हाती जातो. मग अहवाल सुबक होतात, पण पहिला प्रश्नच चुकतो.

भूमच्या खव्याचेच उदाहरण घ्या. शहरातील मिठाईच्या दुकानांत जाणारा खवा या भागातल्या भट्ट्यांवर आटतो. कुंथलगिरीचे पेढे प्रसिद्धच आहेत. पावसाने दगा दिला की कोरडवाहू शेतकरी या दुधावर तगतो. पण दुधाला जनावर लागते, जनावराला वैरण आणि पाणी. उन्हाळ्यात त्या पाण्याची तजवीज कोण करते, चारा कोणत्या विहिरीवर निघतो, भट्टीच्या उद्योगाला वर्षाकाठी किती पाणी लागते, हे प्रश्न तेथेच वाढलेल्या तरुणाला सुचतील. बाहेरून आलेल्याला ते सुचावयास वर्ष जाईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की लोक तहानेले असताना मोजदाद कसली करता? उत्तर सोपे आहे. टँकर कोणत्या गावाला आधी जावा, हे आज बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडून ठरते. मोजदाद असेल तर ते गरजेवरून ठरेल. दुसरा आक्षेप खर्चाचा. 2024 साली सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढून बारावी झालेल्यांना 6,000, पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये मासिक विद्यावेतन देऊ केले. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे आणि तिजोरीचे दारही एकदा उघडलेले आहे. कचेरीत कागद लावण्यासाठी जे देता येते, ते शिवारात पाणी मोजण्यासाठी का देता येऊ नये?

मात्र काही अटी पाळल्या पाहिजेत. मुदत किमान एक वर्षाची हवी. मे महिन्यातली कोरडी विहीर आणि ऑक्टोबरातली भरलेली विहीर ज्याने पाहिली नाही, त्याने धोरणावर लिहू नये. निम्म्या जागा त्याच तालुक्यातील तरुण-तरुणींना असाव्यात. विद्यावेतन दरमहा वेळेवर मिळावे. संशोधकाला कचेरीच्या पायऱ्या झिजवावयास लावणारी योजना न काढलेली बरी. अहवाल मराठीत लिहिला जावा, ग्रामसभेत वाचला जावा, आणि तो कोणास अडचणीचा ठरला म्हणून कपाटात बंद होऊ नये. उसाला किती पाणी जाते आणि ज्वारीला किती, हे एकदा जाहीर झाले की काही कपाळांवर आठ्या पडतीलच. त्या पडू द्याव्यात.

पाण्याच्या बाबतीत ज्याच्या हाती आकडा, त्याच्या हाती सत्ता असते. आजवर तो आकडा मुंबई-पुण्याच्या दप्तरांत राहिला आणि भूमच्या वाट्याला मागणीचे अर्ज आले. भूमची मुले हातात स्वतः मोजलेला आकडा घेऊन उभी राहिली, तर त्यांना याचना करावी लागणार नाही. ती हिशेब मागतील. येत्या अर्थसंकल्पात अशा पन्नास-शंभर जागांची तरतूद करणे राज्यास जड नाही. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी उचलून धरावी, आणि शहरातील सुशिक्षितांनी ती परक्या तालुक्याची न समजता आपली समजावी, एवढेच आमचे सांगणे आहे.