रामाच्या पंचवटीत ख्रिस्ताचे नाम : ‘उसनवारी’च्या आरोपाचे काय? (थ्रेड)

पंचवटीत नामाचा महिमा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भेटताना ‘रामराम’, रामकुंडावर स्नान करताना राम, अंत्ययात्रेतही रामच. म्हणूनच नाशिकशी घट्ट नाते असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग समोर आले की एक ठरलेले विधान ऐकू येते : नामभक्ती हिंदूंची, ख्रिस्ती धर्मात ती नव्हतीच, मिशनऱ्यांनी गळ म्हणून उचलली. विधान आत्मविश्वासाचे आहे. पुरावा मात्र नेमका उलट आहे.

‘येशू’ हे नाम म्हणजेच एक वाक्य आहे. हिब्रू ‘येहोशुआ’, त्याचे संक्षिप्त रूप ‘येशुआ’; अर्थ, ‘यहोवा तारण करतो’. पोर्तुगीजांच्या प्रभावाने गोव्यात त्याचेच ‘जेजू’ झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत बाळाचे नाव सांगतो आणि लगेच कारणही देतो : हा आपल्या लोकांना पापांपासून तारील. यहुदी परंपरेत ईश्वराचे चार अक्षरी नाम लिहिले जाई, पण वाचताना त्याजागी ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असे म्हणत. पंचवटीत आदर उच्चारातून प्रकटतो, तिथे मौनातून. हा फरक खरा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही.

परंतु ख्रिस्ती परंपरा मौनावर थांबली नाही. १२७४ च्या ल्योंच्या धर्मपरिषदेने येशूचे नाम उच्चारताच मस्तक लववावे, असा नियम केला. पंधराव्या शतकात सिएनाचा बर्नार्डिनो येशूनामाची आद्याक्षरे कोरलेली फळी हाती धरून इटलीभर प्रवचने करी. त्याच्यावर मूर्तिपूजेचा आरोप झाला, रोमला जाब द्यावा लागला आणि तो निर्दोष ठरला. पूर्वेकडील साधू तर गाठी मारलेल्या दोऱ्यावर येशूच्या नामाची प्रार्थना अखंड जपत आले आहेत. आपल्याकडच्या जपमाळेची आठवण व्हावी असाच तो दोरा. नाम हेच ईश्वर की नाही, या वादात १९१३ मध्ये ॲथोस पर्वतावरून शेकडो रशियन साधूंना सैन्य पाठवून हुसकावण्यात आले. उसन्या कल्पनेसाठी कोणी एवढे सोसत नाही.

आता टिळक. ते नाशिकला संस्कृत शिकले. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला म्हणून कानांत मुरलेला अभंग पुसला जाणार होता काय? धर्मप्रसाराचा हेतू त्यांच्यापाशी होता, हे उघड आहे. पण ज्या भाषेत माणूस वाढला ती तो उसनी घेत नाही. तीनशे वर्षांआधी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या, जन्माने इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्सविषयी ही शंका निदान समजण्याजोगी आहे. टिळकांविषयी ती हास्यास्पद ठरते.

येशूने निरर्थक बडबडीविरुद्ध दिलेल्या इशाऱ्याचा आधार घेऊन अभंगालाच नाक मुरडणारे ख्रिस्ती शुद्धतावादीही याच चुकीचे भागीदार आहेत. तो इशारा पोकळ शब्दांना होता, नामाला नव्हे.

आणि नामाची मालकी सांगणाऱ्यांनी २ मार्च १९३० ही तारीख विसरू नये. संतांनी नाम सर्वांना खुले केल्याला शतके उलटली होती, तरी त्याच पंचवटीत काळारामाच्या दारात दलित सत्याग्रहींची वाट अडवली गेली. टिळकांनी नामाचा जो धागा उचलला तो संतांचा होता, त्या बंद दाराचा नव्हता. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले; १९३६ मध्ये त्यांनी नाशिकलाच देह ठेवला. टिळकांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.