गाडी दिसली, गाडीवाला दिसला नाही!

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या चार तासांत देश घरात कोंडला गेला. २१ दिवसांची ती मुदत १४ एप्रिलला, नेमकी बाबासाहेबांच्या १२९ व्या जयंतीच्या दिवशी संपायची होती. त्याच दिवशी ती ३ मेपर्यंत वाढवण्यात आली. मिरवणूक नाही, चौकातली गर्दी नाही. आम्ही घरातच प्रतिमेला हार घातला, वंदना घेतली आणि नंतर करायचे काय म्हणून मोबाइल हातात घेतला.

त्या दिवसांत आम्ही मोबाइलवर रस्त्यावरचे खाणे पाहत बसलो. इंदूरच्या सराफ्यातली जिलेबी, अमृतसरचा कुलचा, नागपूरचे तर्री-पोहे, मुंबईचा वडापाव. एक व्हिडिओ संपला की दुसरा. घरात डाळ-तांदूळ मोजून शिजत होते आणि डोळे मात्र गावोगावच्या गाड्यांवर जेवत होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कोंडलेल्या माणसाला चौकाची आठवण येणारच.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक ताई भुर्जीपावची गाडी लावतात. तेव्हा ती गाडी ताडपत्रीखाली साखळीने बांधून पडली होती. शेजारच्या पोराने त्यांना कुठल्याशा शहरातल्या भुर्जीवाल्याचा व्हिडिओ कौतुकाने दाखवला. ताईंनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि एवढेच विचारले, "ह्याची गाडी चालू हाय का रं आता?"

आमच्यापैकी एकाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता. ते चित्रण टाळेबंदीच्या आधीचे होते. पडद्यावर अंडी फोडणारा तो माणूसही त्या घडीला कुठेतरी हातावर हात धरून बसला असणार. हॉटेलांना घरपोच सेवेची मुभा होती. पण गाडीवाल्याला कुठली घरपोच सेवा? त्याच्या तव्याचे चित्र लाखो लोक पाहत होते आणि त्याच्या घरची चूल थंड होती. जाहिरातीचा पैसा व्हिडिओ काढणाऱ्याला आणि कंपनीला मिळतो. तवा ज्याचा, त्याच्या वाट्याला काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीय नगरातल्या एका वृद्ध जोडप्याच्या टपरीचा व्हिडिओ देशभर फिरला. दुसऱ्या दिवशी टपरीपुढे रांग लागली. चांगली गोष्ट झाली. पण ज्यांचे अश्रू कॅमेऱ्यात आले नाहीत त्यांचे काय? दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हक्क कायद्याने मागता येतो. दयेवर जगू नका, हक्क मागा, हेच तर आपल्या चळवळीने आपल्याला शिकवले.

आणि हक्क कागदावर आहे! २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण बंधनकारक केले. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात, अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व असावे, असे कायदा सांगतो. ही कलमे किती गाडीवाल्यांना ठाऊक आहेत? आणि गाडी उचलून नेणाऱ्या अधिकाऱ्यांना ठाऊक नसतील, असे कोण म्हणेल?

नोंद नसण्याची किंमत संकटात कळते. १ जून २०२० ला केंद्राने पथविक्रेत्यांसाठी योजना आणली, ती दहा हजार रुपयांच्या कर्जाची. धंदा बुडालेल्याच्या हाती मदतीऐवजी कर्ज! एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारने दीड हजार रुपये जाहीर केले, तेही नोंदणीकृत फेरीवाल्यांना. वर्षानुवर्षे ज्याची नोंदच झाली नाही, त्याने हात पसरायचा कुणापुढे? कॅमेऱ्यात त्याची नोंद आहे, पालिकेच्या वहीत नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या मोबाइलवर आम्ही जिलेबी पाहत होतो, त्याच मोबाइलवर एप्रिल २०२० मध्ये मुसलमान भाजी-फळवाल्यांवर बहिष्कार घाला, असे सांगणारे व्हिडिओ येत होते. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना मालकाचे नाव लावण्याचे फर्मान निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नाव कशाला हवे होते? आपल्या देशात आडनाव कळले की जात कळते आणि जात कळली की कुणाच्या हातचे खायचे नाही, हे ठरते. बहिष्काराचे हे हत्यार आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर शतकानुशतके चालले आहे. ते दुसऱ्याच्या पाठीवर पडताना आपण गप्प बसायचे?

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक फिरकेनात, तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले आणि सोबतच्यांनाही पाजला. महाराजांनी चहाचे कौतुक लांबून केले नाही, ते दुकानात गेले. सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच बजावले होते, हे खरे. पण बहिष्काराला तोंड द्यायला सुरुवात तिथूनच होते.

टाळेबंदी कधीच उठली. ताईंची गाडी पुन्हा लागते आणि महिन्या-दोन महिन्यांनी पालिकेची गाडी येऊन ती उचलूनही नेते. बांधवांनो, व्हिडिओ पाहायला हरकत नाही. पण आपल्या नाक्यावरच्या गाडीवाल्याला एकदा विचारा: सर्वेक्षणात नाव आहे का? प्रमाणपत्र मिळाले का? समितीची निवडणूक झाली का? नसेल, तर त्याच्यासोबत पालिकेत जा, अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. विहार आणि मंडळांतल्या शिकलेल्या पोरांनी एवढे केले, तरी पुढच्या संकटात पालिकेच्या वहीत त्याचे नाव असेल.