हंगाम संपला की पाटी पुसायची

परवा पुण्याहून परतलो. बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच पलीकडच्या घरातल्या अक्का दारात उभ्या. "सर, भेटला का पोरगा? कसं आहे ते दारूचं दुकान?"

"अक्का, दुकान नव्हे, कारखाना. लहानसा. आणि दारू नव्हे, बिअर," मी म्हणालो. म्हणता म्हणताच कळलं की हा फरक आपल्या जिभेवर जितका सोपा आहे तितका त्यांच्या कानाला नाही.

वाचकहो, अक्कांची हकीकत थोडक्यात सांगतो. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव नको म्हणाल्या. त्यांचे यजमान 2006 साली गेले. पाकिटातली सारायी. त्या काळी हुबळी-धारवाडात सकाळी दूध आणायला जाणारा माणूस आणि सारायीचं पाकीट आणायला जाणारा माणूस एकाच रस्त्यानं, एकाच वेळी निघत. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. कोपऱ्यावर दातानं फाडलेली रिकामी पाकिटं गटाराच्या कडेला पडलेली असत, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुढं 1 जुलै 2007 पासून कर्नाटक सरकारनं सारायीवर बंदी घातली. अक्का आजही म्हणतात, "एक वर्ष आधी झालं असतं तर." त्या वेळी मुलगा दुसरीत होता.

हाच मुलगा पुढं बी.एस्सी.ला मराठी विषय घेऊन माझ्या वर्गात बसला. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाला, दोन वर्षं औषधांच्या कंपनीत राहिला आणि गेल्या वर्षी पुण्यातल्या एका छोट्या बिअर कारखान्यात लागला. गल्लीत चर्चा सुरू झाली, "बापाला दारूनं नेलं, आता पोरगा दारू गाळतो." अक्का कोणाला काही बोलल्या नाहीत. मी पुतणीच्या लग्नाला पुण्याला निघालो तेव्हा एक डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही एकदा डोळ्यांनी बघून या."

म्हणून गेलो. खरं सांगायचं तर मनात कुतूहलही होतं. अशा छोट्या कारखान्यांचं वारं आपल्याकडं फार जुनं नाही. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाली, बंगळुरात 2010 मध्ये टॉइट. आता दोन्ही शहरांत ही यादी लांबलचक झाली आहे. मोठ्या कंपनीची बाटली बाराही महिने, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकाच चवीची. इथं उलट. जिथं करायची तिथंच प्यायला द्यायची, थोडी करायची आणि ऋतू बदलला की प्रकार बदलायचा.

आत शिरल्याबरोबर वास आला तो दारूचा नव्हे, आपल्या घरी सत्तू भाजताना येतो तसा. पोरानं सगळं फिरून दाखवलं. सातू म्हणजे बार्ली भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, की झालं माल्ट. हे बाहेरून तयार येतं. ते भरडून साधारण पासष्ट अंश गरम पाण्यात तासभर ठेवलं की धान्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट सोडायचं. पुढं एक-दोन आठवडे यीस्टचं काम. "सर, माझं काम म्हणजे त्याला त्रास होणार नाही एवढं बघणं," पोरगा म्हणाला. वर्गात इतकं नेटकं उत्तर त्यानं कधी दिलं नव्हतं!

भिंतीवर एक काळी पाटी होती, त्यावर खडूनं लिहिलेलं. उन्हाळ्यात आंबा, पावसाच्या तोंडाला जांभूळ, मग कोकम घातलेली आंबटखारट, थंडीत काळसर, भाजक्या माल्टची. हंगाम संपला की पाटी पुसायची. "आंब्याची पुन्हा करा म्हणून गिऱ्हाईक मागं लागत नाही?" मी विचारलं. "लागतं. पुढच्या वर्षी या म्हणायचं."

हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं. ही हंगामाची गोष्ट नव्या पोरांची हौस नाही, फार जुनी आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात 1553 साली फर्मान निघालं होतं, की 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात कोणी बिअर करायची नाही. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरून ती नासत असे, आणि भट्ट्यांमुळं आगीची भीती असे. म्हणून मार्चमध्ये करायची, तळघरात थंड ठेवायची आणि शरदात उरलेली संपवायची. तिचं नावच मार्चवरून पडलं. पुढं म्युनिकच्या ऑक्टोबरच्या जत्रेत तीच मानाची बिअर ठरली.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? हुबळीहून वास्कोची गाडी लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरली की गोवा. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या काजूच्या बागांतून चालून पाहा. झाडावरून आपोआप पडलेलं बोंडच वेचायचं, तोडायचं नाही. ते तुडवून रस काढायचा, दोन-तीन दिवस आंबू द्यायचा आणि भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेची ती उर्राक. ती पुन्हा गाळली की फेणी. फेणी ठेवली तर राहते. उर्राक फार टिकत नाही, म्हणून ती त्या दोन-तीन महिन्यांचीच. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घालून, सोबत तळलेला बांगडा किंवा सुकटीची किसमूर. मग 24 जूनला सांजाव, पहिल्या पावसात विहिरीत उड्या, आणि तिथं फेणीचा मान. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण उर्राकला कॅलेंडर त्याआधीपासून आहे. बोंडं संपली की भट्टी थंड. माणसानं थांबायचं ठरवायला लागत नाही, झाडच थांबवतं.

पुन्हा पुण्याकडं येतो. अक्कांचा डबा उघडला. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लाल मिरच्यांची रंजका. त्यात मी नेलेला धारवाडी पेढा. पोरानं तीन छोटे पेले मांडले, औषधाच्या मापापेक्षा थोडे मोठे. आता अक्का हे वाचणार आहेत हे माहीत असूनही लिहितो, की मी चाखलं. पहिला पेला कडू हॉप्सवाल्या बिअरचा. त्यावर रंजका खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी आलं. कारण असं की कडवटपणा तिखटाला आणखी धार लावतो, आणि मद्यार्कही मिरचीची आग जिभेवर पसरवतो. दुसरा गव्हाच्या बिअरचा, किंचित गोडसर, लवंगेचा आणि केळ्याचा वास. तो जिभेला थंड करून गेला. तिसरा कोकमाचा. तेलकट शेंगाचटणीवर आंबट आणि वर बुडबुडे, त्यामुळं तोंड दर घासाला स्वच्छ. हेच आपण मिरचीभज्यांनंतर सोलकढीनं करतो आणि आंबट ताकानं करतो.

खरी गंमत पेढ्याची. धारवाडी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत परततात. माल्टही तसाच भाजतात. गोडवा आणि प्रथिनं उष्णतेत एकत्र आली की तो खमंगपणा येतो, दोन्हीकडं एकच रसायन. पोरानं काळ्या बिअरचा एक घोट पेढ्याबरोबर दिला. गिरमीट खाऊन वाढलेल्या माझ्या जिभेनं त्या दोघांना भाऊभाऊ म्हणून ओळखलं.

पहाटे एक गवळी टेम्पो घेऊन येतो, गाळून उरलेला धान्याचा चोथा घेऊन जातो. त्यात प्रथिनं भरपूर, गाईम्हशी आवडीनं खातात. पण तो उन्हात एक-दोन दिवसांत आंबतो, म्हणून गिऱ्हाईक जवळचंच लागतं. जांभळं आणि कोकम आणणारे लोकही ठरलेले. रविवारी आवारात शेतकऱ्यांचा छोटा बाजार भरतो, तिथं भाजी घ्यायला येणारे निम्मे लोक बिअरला शिवतही नाहीत. कारखान्याचा गावाशी असा संबंध जुळलेला मी पाहिला. एक गोष्ट मात्र खटकली. एक लिटर बिअरमागं चार-सहा लिटर पाणी सहज जातं. नळाची आठ-आठ दिवस वाट बघत वाढलेल्या हुबळी-धारवाडच्या माणसाला हे ऐकून कसंसंच होतं. मी तसं बोललो. पोरगा म्हणाला, "धुण्याचं पाणी बागेला सोडतो, पण तुमचं खरं आहे सर."

मग त्यानं आपलं गुपित सांगितलं. त्याला ज्वारीची बिअर करायची आहे. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होते. नायजेरियानं 1988 साली बार्लीच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यांनाही ज्वारीकडं वळावं लागलं. पण काम सोपं नाही. ज्वारीचं पीठ विरघळायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत साखर करणारे घटक मरतात. तिला साल नाही, त्यामुळं गाळताना चोथा बसतो. शिवाय ज्वारीच्या मोडांत विष तयार होतं, कोवळ्या ज्वारीनं गुरं दगावतात ते त्याचमुळं. म्हणून मोड वाळवून, चोळून काढून टाकावे लागतात. "आमच्या भागात सातू कोण पेरतं सर? ज्वारी तर दारात आहे."

मला त्या क्षणी वेळ अमावस्या आठवली. मार्गशीर्ष सरता सरता लातूर-सोलापूरपासून बिदरपर्यंत आणि आपल्याकडं एळ्ळ अमावस्या म्हणून सगळं गाव शेतात जातं. तिकडं नव्या मडक्यात ज्वारीच्या पिठाची, ताकाची आंबवलेली आंबील, सोबत भज्जी. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं. ती आंबील चढत नाही, पण हंगाम, जोडीचं जेवण आणि पंगतीला गाव, हे तिन्ही तिथं आहे. उर्राकलाही हे तिन्ही आहे. पाकिटातल्या सारायीला यातलं एकही नव्हतं. बाराही महिने मिळायची, रिकाम्या पोटी घेतली जायची आणि माणूस भिंतीकडं तोंड करून एकटा प्यायचा. अक्कांच्या घरात जे घडलं ते मला या तीन गोष्टींशिवाय समजत नाही.

म्हणून काय बिअर पुण्यवान झाली? मुळीच नाही. काळ्या पाटीवर सुंदर अक्षरात लिहिल्यानं मद्यार्क कमी होत नाही. महिन्याचा पगार तिथंही उडवता येतो. ज्याला थांबता येत नाही त्याला हंगाम थांबवेल अशी हमी कोणी देऊ नये. आणि जे घेत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करावं असं काही त्या पेल्यांत नव्हतं. पण पोरगा काय करतो आहे हे मला कळलं. तो बापाच्या वाटेनं निघालेला नाही. त्या वाटेवरची मापं तो मोजतो आहे.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं. बव्हेरिया वगळलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. मग दोन प्रश्न विचारले.

"तिथं बायामाणसं येतात का?"

"येतात. पोरंबाळं घेऊन येतात रविवारी, भाजीला."

"आणि रात्री दार बंद होतं का?"

"होतं. ठरल्या वेळेला होतं."

बराच वेळ गप्प बसल्या. सारायीच्या दुकानाचं दार त्यांनी कधी बंद पाहिलं नव्हतं. बरं वाटलं असं त्या म्हणाल्या नाहीत, वाईट वाटलं असंही नाही. रंजका संपली का, एवढं विचारलं. संपली, म्हणालो. कशाबरोबर ते तेव्हा सांगितलं नाही, आता छापून येतंच आहे.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणारं कोणीतरी शोधून त्यांनी निवडून स्वच्छ केलेली पाच किलो मालदांडी ज्वारी बांधली. पिशवीचं तोंड स्वतः शिवलं. आणि फोनवर मुलाला बजावताना मी ऐकलं, "भाकरीला पाठवलीय हं. दुसऱ्या कशाला नको."