कोणाच्या लेखी स्वतंत्र?

डहाणूतल्या मसोलीपासून सिल्वासा फार लांब नाही. तलासरी तालुक्याची हद्द तर दादरा-नगर हवेलीला भिडलेलीच आहे. हा मुलूख २ ऑगस्ट १९५४ ते ११ ऑगस्ट १९६१ या सात वर्षांत नेमका कोणाचा होता? ऑनलाइन ज्ञानकोशात अशा मुलखाच्या नोंदीच्या माथ्यावर एक चौकट असते. देश की प्रांत, राजधानी कोणती, झेंडा कोणता, हे तिला एकेका शब्दात हवे असते. वादग्रस्त स्वातंत्र्याच्या नोंदी नेमक्या तिथेच फसतात. घोषणा कोणी केली, कारभार कोणाच्या हाती होता आणि मान्यता कोणी दिली, हे तीन निराळे प्रश्न आहेत. प्रत्येकाचे उत्तर तारखेनिशी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

हवेलीचाच इतिहास पाहा. १७७९ चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या सनदा यांतून पेशव्यांनी पोर्तुगीजांना या गावांचा फक्त महसूल दिला होता. जुलै १९५४ मध्ये दादरा आणि नरोली, मग २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून गेले आणि वरिष्ठ पंचायत कारभार पाहू लागली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तहातून सार्वभौमत्व मिळाल्याचा दावा फेटाळला, पण इंग्रजांच्या काळात पोर्तुगीज सत्ता मान्य होत गेली, हेही नोंदवले. भारतीय हद्दीतून नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांची ने-आण करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, सैन्य आणि शस्त्रांचा नाही. आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असेही ठरले. म्हणजे दावा लिस्बनचा, कारभार पंचायतीचा आणि औपचारिक मान्यता एकाही देशाची नाही! तरीही १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी भारतीय प्रशासकीय अधिकारी के. जी. बडलानी यांना एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान व्हावे लागले. पोर्तुगालने हे विलीनीकरण मान्य केले ते थेट १९७४ च्या डिसेंबरात. यातले कोणते एक उत्तर चौकटीत बसवणार?

कोणी म्हणेल, अशाने कुणीही उठून घोषणा करील आणि ज्ञानकोश तिची दखल घेत बसेल. पण मान्यतेच्या रकान्यात ‘कोणाचीही नाही’ असे स्पष्ट लिहिले की पोकळ घोषणेचा पोकळपणा आपोआप दिसतो. कोसोवोने १७ फेब्रुवारी २००८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, त्यावर याच न्यायालयाने दोन वर्षांनी इतकेच सांगितले की घोषणेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडलेला नाही. कोसोवो राष्ट्र आहे की नाही, यावर त्याने मत दिले नाही. न्यायाधीशांनी वेगळे ठेवलेले प्रश्न संपादकांनी एकत्र का करावेत?

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो: आपल्या मुक्तिलढ्याला ‘वादग्रस्त’ म्हणायचे? ‘भारताचाच भाग’ एवढे लिहून मोकळे झालो, तर पंचायतीने चालवलेली ती सात वर्षेच पुसली जातात, आणि ती पुसणे हा लढणाऱ्यांचा मान नव्हे. शिवाय त्या लढ्यात युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स होती, आझाद गोमंतक दल होते, संघाचे स्वयंसेवक होते, कम्युनिस्ट आणि त्यांच्यासोबतचे वारली होते. श्रेयाचा दावा प्रत्येकाचा आहे. तो ज्याचा त्याच्या नावावर लिहावा. वारल्यांच्या बाजूने लिहिलेले कागद सर्वांत कमी आहेत आणि ज्ञानकोशाला प्रकाशित आधार लागतो. म्हणून तलासरी-डहाणूच्या पाड्यांवरच्या आठवणी आधी मराठीत छापून यायला हव्यात. नोंद दुरुस्त करण्याची गोष्ट त्यानंतरची.