अनारशाची खसखस आणि दुबईचा डबा

दिवाळी जवळ आली की परदेशी असलेल्या लेकीसुनांचे डबे भरायला लागतात. चकली तुटू नये म्हणून आपण कागदाचे बोळे कोंबतो, तूप पाझरू नये म्हणून पिशवीवर पिशवी चढवतो. डबा तिकडच्या कस्टममधून सुटेल का, हे मात्र शेवटपर्यंत कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, डबा दुबई-अबुधाबीला किंवा सौदी अरेबियात जायचा असेल, तर खसखस आधी बाजूला ठेवा. तिथे तिला साफ बंदी आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे नीमच-मंदसोर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते. बोंडाला चिरा देऊन चीक काढतात, मग वाळल्या बोंडातलं बी बाजारात येतं. त्या बियाला चिकाचा अंश लागलेला असू शकतो. तिकडचा कायदा तिला अमली पदार्थांतच धरतो. "आईने दिलं" म्हणून सुटका नाही. नोकरी तर जाईलच, पण प्रकरण तुरुंगापर्यंतही जाऊ शकतं.

तेव्हा अनारसे जाड रव्यावर किंवा पांढऱ्या तिळावर थापा. चव थोडी वेगळी लागते खरी, पण जाळी छान पडते. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात आणि काही घरी काळ्या मसाल्यातही खसखस असते, तिचाच विसर पडतो बरं का! मसाला सासूबाईंनी केला असेल तर विचारून घ्या.

ऑस्ट्रेलियाची भीती निराळी. गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग तिथे १८७२ नंतर आलेला नाही आणि दुधातूनही तो येऊ शकतो. म्हणून पेढे, बर्फी नकोच. बाकीचा फराळही अर्जावर लिहायचा. लिहून दिलं तर फार तर डबा जातो. लपवलं तर दंड!

हा जाच आपल्याच नशिबी आहे असंही नाही. स्कॉटलंडचं हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं करतात. अमेरिकेने १९७१ साली खाण्यात फुप्फुस वापरायला बंदी घातली, तेव्हापासून तिथल्या स्कॉटिश मंडळींना अस्सल हॅगिस काही मिळत नाही.

नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या देशाचे सरकारी नियम मुलांना बघायला सांगा. आणि डब्यावर नुसतं 'फराळ' लिहू नका. चकलीत काय, लाडवात काय, ते इंग्रजीत लिहून चिकटवा. तपासणाऱ्याला बिचाऱ्याला कडबोळं कुठून ठाऊक असणार?