नकाराधिकाराला जाब विचारणारा चिमुकला देश

भारत आणि युरोपातील चार देश यांच्यातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि आइसलँड ही त्यांतील तीन नावे आपल्या परिचयाची आहेत. चौथे नाव वाचून मात्र अनेकांनी नकाशा उघडला असेल, आणि भिंग घेतल्याशिवाय तो देश त्यांना सापडलाही नसेल. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या बेचक्यात, ऱ्हाइन नदीच्या काठी वसलेल्या लिश्टनस्टाइनचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर आहे. लोकसंख्या सुमारे ४० हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. सैन्य १८६८ मध्येच मोडीत काढलेले, चलनही शेजारच्या स्वित्झर्लंडचे. १९२० मध्ये या देशाने राष्ट्रसंघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा इतक्या लहान आणि सैन्यहीन देशाला सदस्य कसे करून घ्यावे, म्हणून तो फेटाळण्यात आला होता. संयुक्त राष्ट्रसंघात त्याला प्रवेश मिळाला तो थेट १९९० मध्ये.

अशा देशाने जागतिक राजकारणात काही करावे, अशी अपेक्षा कोणी ठेवणार नाही. वस्तुतः गेल्या दहा वर्षांत मानवी हक्कांच्या प्रश्नावर त्याने जे करून दाखविले, ते भल्याभल्यांना जमलेले नाही.

सीरियातील यादवीचे उदाहरण घ्या. तेथील अत्याचारांचे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवावे, असा प्रस्ताव मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेपुढे आला आणि रशिया व चीन यांनी नकाराधिकार वापरून तो हाणून पाडला. इतर देशांनी निषेधाची भाषणे केली व विषय संपविला. लिश्टनस्टाइनने तो संपू दिला नाही. खटला चालविणे शक्य नसेल, तर निदान पुरावे तरी गोळा करून, त्यांची छाननी करून ते जपून ठेवू या, उद्या एखादे न्यायालय उभे राहीलच, असा साधा विचार त्याने मांडला. कतारला सोबत घेऊन त्याने सुरक्षा परिषदेऐवजी आमसभेचा मार्ग धरला, कारण तेथे नकाराधिकार चालत नाही. २१ डिसेंबर २०१६ रोजी १०५ विरुद्ध १५ मतांनी तो ठराव संमत झाला. ५२ देश तटस्थ राहिले. त्यातून जिनिव्हा येथे पुरावे जमविणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तिला कोणालाही शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता, म्हणून तिची थट्टाही झाली. डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची राजवट कोसळली, आणि त्याच महिन्यात या यंत्रणेचे प्रमुख दमास्कसमध्ये जाऊन पोहोचले. आठ वर्षे कपाटे भरून ठेवण्याचे काम व्यर्थ गेले नाही.

दुसरा प्रसंग २०२२चा. युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणारा प्रस्ताव रशियाने, म्हणजे आरोपीनेच, २५ फेब्रुवारीला नकाराधिकाराने उडविला. लिश्टनस्टाइनचा मसुदा तोपर्यंत तयार होता. सुरक्षा परिषदेत कोणीही नकाराधिकार वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेची बैठक व्हावी आणि तेथे त्यावर खुली चर्चा व्हावी, एवढीच त्याची मागणी. २६ एप्रिल रोजी हा ठराव मतदानाविना संमत झाला. नकाराधिकार त्याने काढून घेतला नाही. तसे करण्याची ताकद आमसभेत नाही आणि लिश्टनस्टाइनमध्ये तर नाहीच. परंतु हात वर करून निघून जाण्याची जी सोय बड्या देशांना होती, ती गेली. उत्तर कोरियाच्या प्रश्नावर रशिया व चीन यांना प्रथम आमसभेपुढे यावे लागले, पुढे गाझाच्या प्रश्नावर अमेरिकेलाही. नियम एकाच बाजूसाठी नव्हता, हे यावरून दिसते.

हा देश धुतल्या तांदळासारखा आहे, असे मात्र कोणी समजू नये. तेथील स्त्रियांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळाला १९८४ मध्ये, तोही पुरुषांच्या सार्वमतातून आणि निसटत्या बहुमताने. आपल्या माता-भगिनी त्याआधी तीन दशके मतदान करीत होत्या. युरोपने आपल्याला स्त्रीस्वातंत्र्याचे धडे देताना हे जरूर आठवावे! गंमत अशी की, ज्या देशाने जगाच्या नकाराधिकाराला जाब विचारला, त्याच्या राजाकडे स्वतःच्या संसदेचा कायदा अडविण्याचा अधिकार आजही आहे. २०१२ मध्ये त्यावर सार्वमत झाले आणि ७६ टक्के मतदारांनी राजाच्या बाजूने कौल दिला.

आपला या देशाशी पहिला ठळक परिचय झाला तोही काळ्या पैशाच्या निमित्ताने. राजघराण्याच्या मालकीच्या एलजीटी बँकेतील खातेदारांची माहिती एका माजी कर्मचाऱ्याने जर्मनीला विकली, आणि २००९ मध्ये जर्मनीने त्यातील भारतीय नावे आपल्या सरकारला दिली. ती नावे उघड व्हावीत म्हणून राम जेठमलानी यांना सर्वोच्च न्यायालयात झगडावे लागले. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. पथक प्रत्यक्ष स्थापन झाले मे २०१४ मध्ये, सत्तापालट झाल्यावर. गरीब देशांतून चोरलेला पैसा तिजोरीत ठेवायचा आणि व्यासपीठावर मानवी हक्कांची गोष्ट करायची, हा विरोधाभास त्या काळी डोळ्यांत खुपणारा होता. परंतु त्या देशाने २००९ पासून करविषयक माहिती देण्याचे आंतरराष्ट्रीय निकष स्वीकारले आणि २०१३ मध्ये भारताशीही तसा करार केला. दडपण आले म्हणून का होईना, तो बदलला.

त्याच्या इतिहासातील एक पान मात्र निर्विवाद मोठेपणाचे आहे. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, सुमारे ५०० रशियन सैनिक सीमा ओलांडून तेथे आश्रयाला आले. ते स्टालिनविरोधी होते आणि जर्मन सैन्याच्या बाजूने लढलेले होते. त्यांना वीर ठरविण्याचे कारण नाही. याल्टा येथील समझोत्यानुसार विजेती राष्ट्रे अशांना सोव्हिएत संघाच्या हवाली करीत होती, आणि पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक होते. सोव्हिएत अधिकारी लिश्टनस्टाइनमध्येही आले. ज्यांना परत जायचे होते, ते गेले. ज्यांनी नकार दिला त्यांना जेमतेम बारा हजार वस्तीच्या, सैन्य नसलेल्या त्या देशाने सक्तीने पाठविले नाही. दोन वर्षांहून अधिक काळ पोसले आणि मग अनेकांना अर्जेंटिनात जाण्याची वाट करून दिली. ब्रिटन-अमेरिकेला जे धैर्य झाले नाही, ते या मूठभर शेतकऱ्यांना झाले.

आता प्रश्न आपला. २०२२च्या ठरावावर भारताने नाराजी नोंदविली होती. सर्वांशी पुरेशी चर्चा न करता मसुदा पुढे आणला, 'घ्या नाहीतर सोडा' अशी ही पद्धत आहे, असे आपल्या प्रतिनिधीने सांगितले. या नाराजीमागे अनुभव आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीची कारवाई चालू असताना, भारताने सैन्य मागे घ्यावे असा प्रस्ताव पाश्चात्त्य राष्ट्रांनी सुरक्षा परिषदेत आणला; तो पडला सोव्हिएत नकाराधिकारामुळे. डिसेंबर १९७१ मध्येही तीच ढाल कामी आली. त्या वेळी आमसभेत काय झाले? १०४ देशांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या बाजूने मत दिले, विरोधात उभे राहिले अवघे ११. पूर्व बंगालमध्ये चाललेली कत्तल आणि भारतात आलेले एक कोटी निर्वासित त्या बहुमताला दिसले नाहीत. आमसभेचा कौल म्हणजे न्याय, हे आपण कसे मानावे?

ही शंका रास्तच आहे. तथापि नाणे उलटून पाहिले पाहिजे. मसूद अझहरला दहशतवाद्यांच्या यादीत टाकण्याचा प्रस्ताव चीनने समितीच्या बंद दाराआड वर्षानुवर्षे अडवून ठेवला. १ मे २०१९ रोजी तो मोकळा झाला. तेथे नकाराधिकाराचे नावही नव्हते, केवळ 'तांत्रिक हरकत' होती, आणि म्हणून जाबही नव्हता. लिश्टनस्टाइनचा नियम त्या दारापर्यंत पोहोचत नाही. तो तेथवर नेण्यात भारताइतका दुसऱ्या कोणाचा स्वार्थ असेल? १९७१ मध्येही भारताला चर्चेची भीती नव्हती. आपली बाजू जगाच्या राजधान्यांतून मांडीत आपण महिनोन्महिने फिरलो होतो.

सुरक्षा परिषदेच्या स्थायी सदस्यत्वावर भारताचा दावा आहे. २००५ मध्ये जपान, जर्मनी व ब्राझील यांच्यासह मांडलेल्या मसुद्यात नव्या स्थायी सदस्यांनी पंधरा वर्षांनंतरच्या फेरआढाव्यापर्यंत नकाराधिकार वापरू नये, हे आपण मान्यही केले होते. मग दहा दिवसांच्या जाबाचे बंधन स्वीकारतो आणि यादीवरील गुप्त हरकतींनाही तेच लावा असा ठराव आम्ही आणतो, हे दिल्लीने आजच जाहीर करण्यात अडचण कोणती? मसुद्यावर पहिली सही करायला फाडुट्सचे सरकार तयार होते की नाही, हे विचारून तरी पाहावे.