यानित्साचे गुडघे

बर्फाच्या उतारावरून दोन लांब पट्ट्यांवर उभे राहून घसरत खाली यायचे, वाटेत रोवलेल्या काठ्यांना वळसे घालायचे आणि कोण किती वेळात खाली पोहोचले ते मोजायचे. अल्पाइन स्कीइंगची शर्यत ती एवढीच. आपल्यापैकी जे गुलमर्गला जाऊन बर्फ पाहून आले, त्यांनीही ही शर्यत पाहिली असेल तर टीव्हीवरच. तरी या महिन्यात आम्हाला त्या खेळातल्या एका मुलीबद्दल लिहायचे आहे. कारण ही गोष्ट जितकी तिची आहे तितकीच तिच्या घराची आहे.

यानित्सा कोस्तेलिचचा जन्म ५ जानेवारी १९८२ रोजी झाग्रेबमध्ये झाला. आज ही क्रोएशियाची राजधानी. त्या वेळी क्रोएशिया युगोस्लाव्हियाचा भाग होता. शहराला लागून मेदवेदनित्सा नावाचा डोंगर आहे. उंची हजार मीटरच्या जरा वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा कमीच. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या मुलांना घराच्या अंगणातून आल्प्स पर्वत दिसतो. इथे मात्र हा एवढासा डोंगर. त्यावर यानित्सा आणि तिचा मोठा भाऊ इवित्सा शिकले. शिकवणारे त्यांचे वडील अंते. ते मूळचे हँडबॉलचे खेळाडू आणि प्रशिक्षक.

१९९१ साली युद्ध पेटले आणि ते १९९५ पर्यंत चालले. यानित्सा तेव्हा नऊ ते तेरा वर्षांची होती. स्की हा पैशाचा खेळ आहे: पट्ट्या, बूट, प्रवास, उतारावर जाण्याचे भाडे. या घरात पैसा नव्हता. वडील मुलांना जुन्या गाडीत घालून परदेशातल्या शर्यतींना न्यायचे. हॉटेल परवडायचे नाही, म्हणून रात्र कधी गाडीत, कधी तंबूत काढायची. बाहेर बर्फ आणि आत दोन मुले! वाचताना अंगावर शहारा येतो आणि त्याच वेळी मनात प्रश्नही येतो, की बापाने मुलांना असे किती रेटावे? अंतेंची तालीम कडक म्हणूनच ओळखली जाते. प्रतिस्पर्ध्यांच्या मुलांपेक्षा आपली मुले जास्त फेऱ्या मारतील, हा त्यांचा साधा हिशेब होता. आमच्या मते त्यात एक गोष्ट मात्र चांगली होती. मुलगा आणि मुलगी यांना एकाच उतारावर, एकाच शिस्तीत उभे केले होते. मुलीसाठी वेगळी, सोपी वाट काढलेली नव्हती.

सोळाव्या वर्षी, १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये, ती एका प्रकारात आठवी आली. पुढच्या जानेवारीत विश्वचषक मालिकेतली पहिली शर्यत जिंकली. आणि डिसेंबर १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला पडली.

वेगात वळण घेताना शरीराचा सगळा भार गुडघ्यावर येतो. पाय पट्टीला घट्ट बांधलेला असतो. पट्टी एकीकडे वळली आणि शरीर दुसरीकडे गेले, की हाडांना जोडून ठेवणाऱ्या दोऱ्या तुटतात. यानित्साच्या तशा तुटल्या. सतरा वर्षांच्या मुलीचा गुडघा चिरून पुन्हा बांधावा लागला. त्यानंतरच्या हंगामात तिने स्लॅलमच्या, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून झपाझप वळण्याच्या, सलग आठ शर्यती जिंकल्या आणि २००१ चा एकूण विश्वचषकही घेतला. मग पुन्हा गुडघा, पुन्हा टेबलावर. एकट्या २००१ मध्ये तीन शस्त्रक्रिया झाल्या.

अशा पायांनी ती फेब्रुवारी २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये उतरली. कम्बाइन्डमध्ये सुवर्ण. सुपर-जीमध्ये ०.०५ सेकंदाने सुवर्ण हुकले, रौप्य मिळाले. स्लॅलममध्ये ०.०७ सेकंदाने सुवर्ण मिळाले. जायंट स्लॅलममध्ये आणखी एक सुवर्ण. नऊ दिवसांत चार पदके. एकाच ऑलिंपिकमध्ये चार पदके त्याआधी कोणत्याही अल्पाइन खेळाडूने, पुरुषानेही, मिळवली नव्हती. क्रोएशियाला तर हिवाळी ऑलिंपिकचे पहिले पदक तिच्याच हातून मिळाले. झाग्रेबचे रस्ते तिच्या स्वागताला भरून वाहिले.

२००३ चा विश्वचषकही तिचाच. नंतर गळ्यातल्या थायरॉईडने गाठले. जानेवारी २००४ मध्ये ती ग्रंथी काढावी लागली आणि तो हंगाम वाया गेला. थायरॉईडचे दुखणे आपल्याकडेही बऱ्याच घरांत आहे. सकाळी अंथरुणातून उठणे किती जड जाते, हे त्या घरच्या बायकांना सांगायला नको. फेब्रुवारी २००५ मध्ये इटलीतल्या बोर्मियोला ही मुलगी तीन जागतिक सुवर्णपदके घेऊन उभी होती.

त्याच हंगामाचा एक हिशेब आम्ही वर्गात फळ्यावर मांडावा असा आहे. विश्वचषकात प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात: पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, नवव्याला २९, दहाव्याला २६. हंगामभराची बेरीज ज्याची जास्त, त्याचा चषक. २००५ मध्ये स्वीडनच्या आन्या पेर्सोनची बेरीज १३५९ झाली आणि यानित्साची १३५६. पाच महिन्यांच्या धावपळीनंतर फरक तीन गुणांचा. कुठल्यातरी एका शर्यतीत दहाव्याऐवजी नववा क्रमांक आला असता तरी बरोबरी झाली असती.

पुढच्या वर्षी तिने ती बेरीज कोणाच्या हाती ठेवली नाही. २००६ चा एकूण चषक तिचा, तिसऱ्यांदा. त्या हंगामात पाचही प्रकारांत, ताशी शंभर किलोमीटरच्या वर धावणाऱ्या डाउनहिलपासून स्लॅलमपर्यंत, तिने शर्यती जिंकल्या. त्याच वर्षी तुरिनच्या ऑलिंपिकमध्ये एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळाले. ऑलिंपिकची एकूण सहा पदके, त्यात चार सुवर्ण.

आणि मग ती थांबली. एक हंगाम विश्रांती घेतली आणि एप्रिल २००७ मध्ये निवृत्ती जाहीर केली. वय पंचवीस. विश्वचषकाच्या तीस शर्यती जिंकलेली, पुढे आणखी दहा वर्षे जिंकू शकली असती अशी खेळाडू. गुडघे आणि पाठ आता नको म्हणत होते. काही लोकांना ही हार वाटली. आम्हाला तसे वाटत नाही. लहानपणी उतारावर कोणी उभे केले, हे तिच्या हातात नव्हते. उतारावरून बाजूला कधी व्हायचे, ते तिने स्वतः ठरवले.

इवित्साचे गुडघेही असेच पुन्हा पुन्हा शिवलेले. तो मात्र खेळत राहिला. चार ऑलिंपिकमिळून चार रौप्यपदके, सुवर्ण एकही नाही. २०११ मध्ये एकूण विश्वचषक. आणि निवृत्ती २०१७ मध्ये, सदतिसाव्या वर्षी. तोवर धाकटी बहीण क्रोएशिया सरकारात खेळाचा कारभार पाहणारी राज्य सचिव झाली होती.